आयडलिंगचा स्क्रू आणि कर्त्याचा प्रश्न

मोटारसायकल न्यूट्रलमध्ये उभी असते, एक्सलेटरवर हात नसतो, तरी इंजिन चालू असते. या अवस्थेतल्या फेऱ्यांना गॅरेजच्या बोलीत आयडलिंग किंवा नुसते ‘रेस’ म्हणतात. शंभर-दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत त्या मिनिटाला १४०० च्या आसपास ठेवलेल्या असतात. चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा इंधन पेटते. म्हणजे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीतही सेकंदाला अकरा-बारा वेळा पेट्रोल पेटत असते. त्यातून मिळणारी शक्ती इंजिन स्वतःच्या घर्षणावर, हवा आत ओढण्यावर, धूर बाहेर ढकलण्यावर आणि थोडी वीज तयार करण्यावर खर्चून टाकते. चाकाला काही मिळत नाही. क्रिया अखंड चालू आणि तिचे बाहेर फळ काही नाही, असे हे वर्णन आहे. भारतीय दर्शनांनी कर्म, अकर्म आणि कर्ता यांविषयी जे प्रश्न दोन हजार वर्षे घोळवले आहेत, ते या साध्या यंत्रस्थितीला लावून पाहता येतात. विशेषतः स्टंट करणारे तरुण ही रेस मुद्दाम वाढवून घेतात तेव्हा.

वाढवण्याचे कारण आधी पाहायला हवे. पुण्याच्या बजाज ऑटोची पल्सर २००१ मध्ये बाजारात आली, २००४ मध्ये ‘धूम’ चित्रपट आला आणि त्या सुमारास महाराष्ट्रातल्या शहरांत, मागोमाग तालुक्यांच्या गावांत, पुढचे चाक उचलून गाडी चालवण्याची हौस पसरली. या प्रकारातले अवघड खेळ वेगाचे नसतात. पुढचे चाक हवेत ठेवून लहान वर्तुळात फिरणे, टाकीवर बसून किंवा उभे राहून दोन्ही हात सोडणे, हे सगळे पहिल्या गिअरमध्ये, धावत्या माणसाच्या वेगाने चालते. अशा वेळी १४०० ची रेस दोन प्रकारे घात करते. एक्सलेटर सोडला की इंजिन मागच्या चाकाला आवळते आणि गाडी गचका देऊन पुढे आपटते. मागचा ब्रेक जरा जास्त दाबला तर इंजिन बंदच पडते. रेस वाढवून दोन-तीन हजारांवर नेली की हा आवळा जवळजवळ नाहीसा होतो. हाताने एक्सलेटर पिळायची गरज उरत नाही, गाडी आपल्या आपण पुढे सरकत राहते, आणि स्वार फक्त शरीराचा तोल आणि मागचा ब्रेक यांवर चाक तोलून धरतो.

कार्बोरेटरच्या गाडीत हे काम एका स्क्रूवर होते. त्याचे टोक थ्रॉटलच्या पडदीला टेकलेले असते; उजवीकडे फिरवला की पडदी केसभर उचलली जाते आणि तेवढी हवा व पेट्रोल जास्त आत जाते. गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून इंजिन पुरते तापल्याशिवाय जाणकार मेकॅनिक त्याला हात लावत नाही, कारण थंड इंजिनावर बसवलेली रेस ताप चढल्यावर भलतीच वाढते. मग हवेचा स्क्रू फिरवून फेऱ्या सर्वांत मोकळ्या कुठे होतात ते कानाने हेरायचे आणि त्यानंतर रेसचा स्क्रू हव्या त्या आकड्यावर आणायचा. शेवटी एक तपासणी असते आणि नवशिके नेमकी तीच विसरतात: हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून आवाज बदलतो का ते पाहणे. बदलला, तर दोष स्क्रूचा नाही. केबल ताणलेली आहे आणि वर्तुळात फिरताना हँडल वळले की ती आपणहून एक्सलेटर ओढणार. इंजिन तेच, स्वार तोच, पण ‘कोणी केले’ याचे उत्तर एका तारेच्या ढिलाईवर बदलते.

गीतेच्या चौथ्या अध्यायातला अठरावा श्लोक कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हणतो. उभ्या गाडीचे चालू इंजिन हे त्याचे तयार उदाहरण वाटते. पण हे साम्य पहिल्या नजरेपुरतेच टिकते. शंकराचार्यांनी या श्लोकावर लिहिताना नावेत बसलेल्या माणसाचा दाखला दिला आहे: नाव चालते आणि त्याला काठावरची झाडे चालताना दिसतात. मुद्दा असा की, कर्तेपणा जिथे नाही तिथे तो लादला जातो. तेव्हा अकर्म म्हणजे कमी केलेले काम नव्हे, आणि बाहेर न पोचणारे कामही नव्हे. कर्तेपणाचा आरोप गळून पडणे म्हणजे अकर्म. आयडलिंगवरच्या इंजिनाने कर्तेपणा टाकलेला नसतो, कारण तो त्याच्याकडे कधी नव्हताच. फळ न देणारी क्रिया आणि फळाची आस नसलेली क्रिया यांत गल्लत केली की आळसालाही निष्काम कर्माचे वस्त्र चढवता येते. तिसऱ्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकाने ती वाट आधीच अडवली आहे: क्षणभरही कोणी काही न करता राहत नाही. हे वाक्य मात्र इंजिनाला शब्दशः लागू पडते. ते थांबून राहू शकत नाही; एक तर फिरते, नाही तर बंद पडते.

विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेल्या गीताप्रवचनांत या श्लोकाची वेगळी बांधणी आहे. परंपरेने विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म असे मानले. विनोबांनी ते ‘विशेष कर्म’, म्हणजे बाहेरच्या क्रियेला मिळालेली मनाची साथ असे घेतले. कर्माला विकर्म मिळाले की अकर्म साधते, असा त्यांचा हिशेब. हात सोडून तोलावर चाक धरणाऱ्या स्वाराला हा हिशेब लावला, तर त्याची एकाग्रता अव्वल दर्जाची ठरते. तरीही तिला विकर्म म्हणताना चाचरायला होते. विनोबांना अभिप्रेत असलेली मनाची साथ चित्तशुद्धीची आहे, आणि स्टंटच्या भोवती बहुतेक वेळा मोबाइलचा कॅमेरा उभा असतो. एकाग्रता आणि शुद्धी एकत्र येतातच असे नाही. नेमबाजाची आणि चोराची एकाग्रताही पक्की असते.

खरा पेच पुढचा आहे. स्वाराने हात सोडले आहेत आणि गाडी चालते आहे. या क्षणी ती कोण चालवते? अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात कोणत्याही कर्माची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. सोळाव्या श्लोकाचे म्हणणे असे की, एवढे असून जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी कच्ची. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवाशाला केलेल्या टीकेत या पाच कारणांचा विस्तार आस्थेने केला आहे. शंकराचार्यांच्या मते अधिष्ठान म्हणजे देह आणि दैव म्हणजे इंद्रियांना बळ देणाऱ्या देवता. डोळ्याला आदित्य, तशा बाकीच्यांना बाकीच्या. रामानुजाचार्य पाचव्या जागी अंतर्यामी परमात्म्याला बसवतात. त्यामुळे मतभेदाचा सगळा भार या एका शब्दावर येतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात कशेळीला कनकादित्याचे, म्हणजे सूर्याचे, देऊळ आहे; तिथल्या भाविकाला शंकराचार्यांचा अर्थ समजावून सांगायला फारसे कष्ट पडू नयेत.

त्याच राजापुरात रेस बसवलेल्या गाडीवर ही पाच कारणे मांडून पाहिली तर दैवाची जागा रिकामी राहत नाही. गाव अर्जुना आणि कोदवली नद्यांच्या काठी, खोलगट जागेत आहे. पावसाळ्यात पुराचे पाणी जवाहर चौकात येते. हवा दमट, रस्त्याकडेची माती जांभ्याची. तिची बारीक लाल धूळ एअर फिल्टरमध्ये बसली की इंजिनाचा श्वास कोंडतो आणि रेस आपोआप उतरते. तीच गाडी पाचलवरून अणस्कुरा घाट चढून सह्याद्रीच्या माथ्यावर गेली की हवा विरळ होते, पेट्रोलचे प्रमाण हवेच्या मानाने जास्त पडते आणि खाली नीट लागलेली रेस वर थोडी अडखळते. स्क्रूला कुणी हात लावलेला नसतो. त्या धुळीला आणि त्या उंचीला देवता म्हणावे की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग; पण कर्त्याच्या हाताबाहेरचे एक कारण प्रत्येक क्रियेत शिल्लक असते, हे गीतेचे निरीक्षण नास्तिक मेकॅनिकही मान्य करील.

एवढे मानले की लगेच एक पळवाट तयार होते. पाच कारणांपैकी आपण एकच असू, तर अपघाताचा दोषही पाचव्या हिश्श्याचा! गाडी घसरली की ‘नशिबात होते’ म्हणणारे याच वाटेने जातात. इथे प्रारब्धाचा विचार आडवा येतो आणि तो बारकाईने पाहावा लागतो.

वेदान्तात कर्माचा साठा तो संचित, त्यातले फळायला लागलेले ते प्रारब्ध. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाचा पहिला पाद सांगतो की, ज्ञानाने साठलेले कर्म नष्ट होते, पण ज्याने फळ द्यायला आरंभ केला ते भोगूनच संपवावे लागते. याला शंकराचार्यांनी दिलेला दृष्टान्त कुंभाराच्या चाकाचा. छांदोग्य उपनिषदावरील भाष्यात त्याच कामाला धनुष्यातून सुटलेला बाण येतो. सांख्यकारिकेच्या सदुसष्टाव्या कारिकेतही चाकच आहे. कुंभाराने काठी काढून घेतली तरी आधीच्या वेगाने चाक फिरत राहते आणि वेग सरला की थांबते. ज्ञानी माणसाचे शरीर तसे चालत राहते.

हात सोडलेली मोटारसायकल वरवर पाहता असेच चाक वाटते: काल स्क्रू फिरवला, आज गाडी चालते. पण दोन्हींत मूलभूत फरक आहे. कुंभाराच्या चाकात मागचा धक्का साठलेला असतो; प्रत्येक फेरीला तो कमी होतो आणि नवे काही मिळत नाही. आयडलिंगमध्ये कालच्या स्क्रूने धक्का दिलेलाच नसतो. त्याने फक्त एक फट ठरवून दिलेली असते. गाडीला चालवते ते या क्षणी त्या फटीतून जाणारे पेट्रोल. म्हणून चाक आपोआप थांबते आणि इंजिन थांबत नाही. टाकीत पेट्रोल आहे आणि स्विच चालू आहे तोवर ते फिरतच राहते. वेग सरण्याची वाट पाहत बसण्यात इथे काही अर्थ नाही.

तिसरा नमुना राजापुरापासून जवळच, उन्हाळे गावी आहे. तिथली गंगा साधारण तीन वर्षांनी प्रकट होते, चौदा कुंडे भरतात, दोन-तीन महिने पाणी वाहते आणि मग ओसरते. अलीकडे हे वेळापत्रक पुष्कळदा चुकते. जमिनीखालच्या पोकळीत पाणी साठत जाते, नैसर्गिक वक्रनलिकेच्या वाकापर्यंत पातळी पोचली की एकदम वाहू लागते आणि पोकळी रिती झाली की थांबते, असे तिचे स्पष्टीकरण दिले जाते. ‘गंगामाई आली’ म्हणणारा वारकरी आणि वक्रनलिका सांगणारा शिक्षक एकाच कुंडावर स्नानाला येतात आणि कुणाचे काही अडत नाही. संचिताचे प्रारब्ध कसे होते हे समजायला बाणापेक्षा ही गंगा सरस आहे: साठा निराळा, वाहणे निराळे, आणि दोन्हींच्या मध्ये एक उंबरठा. मात्र हिला स्क्रू नाही. तिचे येणे-जाणे कुणाच्या हाती नाही, म्हणून तिच्यासंबंधी ‘जबाबदार कोण’ हा प्रश्नच निरर्थक ठरतो.

दृष्टान्त नेहमी एका अंगानेच जुळतो, सर्वांगांनी नाही, हे शास्त्रकारांनी बजावून ठेवले आहे. तरी कोणता दृष्टान्त निवडला यावर माणूस स्वतःकडे कसा पाहतो हे ठरते. सवयी, संताप, भीती, हौस यांना कुंभाराचे चाक मानले तर त्या सरेपर्यंत सोसणे एवढेच हाती उरते. त्यांना आयडलिंग मानले तर मागचे कर्म मागून ढकलत नाही. आत काय किती यावे एवढेच ते ठरवते, आणि चालना मात्र आजच्या खुराकाची असते. माणसाच्या बहुतेक वृत्ती या दुसऱ्या जातीच्या दिसतात. पंचवीस वर्षांपूर्वीचे वैर आपोआप जिवंत राहत नाही. त्याला रोज थोडे थोडे आठवणीचे इंधन मिळत असते.

ज्या दोन ग्रंथकारांनी आधुनिक काळात कर्मविचाराची नव्याने झडती घेतली, त्यांची मुळे याच रत्नागिरी जिल्ह्यात आहेत, हा योगायोग म्हणायचा. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेले आणि १९१५ मध्ये छापलेले ‘गीतारहस्य’ कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांना एक पूर्ण प्रकरण देते. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण म्हणजे आता घडत असलेले, ही रूढ त्रिविध विभागणी टिळकांना पुरेशी पटत नाही. ब्रह्मसूत्रांच्या आधाराने ते फळायला लागलेले आणि न लागलेले असे दोनच भाग खरे मानतात, आणि कर्माच्या साखळीत जखडलेल्या माणसालाही आत्म्याच्या प्रेरणेने प्रयत्न करण्याचे स्वातंत्र्य राहते असे सांगतात. आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. १९५७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी मागच्या जन्माचे कर्म हे आजच्या दैन्याचे कारण मानणे साफ नाकारले. बुद्धाचा कर्मनियम याच जन्मातल्या कृतीला आणि तिच्या परिणामाला लागू आहे, अशी त्यांची मांडणी आहे. दोघांच्या वाटा पुढे फार लांब जातात. या एका मुद्द्यावर मात्र त्यांचा रोख जवळ येतो: गेलेल्याचा हवाला देऊन आजचा हात मोकळा करून घेता येत नाही. टिळक ते जुन्या इमारतीतच जागा करून सांगतात, आंबेडकर तो मजलाच पाडतात, आणि पाडण्याचे कारण ज्यांना शतकानुशतके ‘तुमचे प्रारब्ध’ म्हणून गप्प बसवले गेले त्यांच्याकडून पाहिल्यावरच कळते.

कायद्याने कर्त्याचा प्रश्न आपल्या रोकड्या पद्धतीने सोडवला आहे. सार्वजनिक रस्त्यावरचे स्टंट मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमाखाली धोकादायक वाहनचालन ठरतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २८१ वे कलमही लागते. तत्त्वचर्चेच्या दृष्टीने अधिक बोलके आहे ते २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ. अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. गाडी त्यांच्या संमतीनेच वापरली असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर असतो. हँडलवर हात नसलेला माणूस कर्ता ठरतो, तो किल्ली त्याच्या ताब्यात होती म्हणून. पाच कारणांची यादी कायद्याला अमान्य नाही. त्यांतले कोणते कारण कुणाच्या आवाक्यात होते, एवढेच तो विचारतो.

आवाक्याचा हा निकष स्टंटच्या गाडीला फार लांबपर्यंत लागू होतो. सरावाची जागा घ्या. दिवाळीनंतर राजापूर तालुक्यातले सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारे, कोरडे, सपाट आणि निर्मनुष्य असतात, आणि रस्त्यापेक्षा तिथे कुणाला इजा होण्याचा धोका कमी. पण बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ इथल्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पे आहेत आणि २०२२ पासून ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. गवताखाली अर्धी झाकलेली रेघ जळत्या टायरला दिसत नाही. गाडी दुसऱ्याच्या हाती देण्याचेही तसेच. तीन हजारांवर रेस बसवलेली गाडी भावाने बाजारातून दूध आणायला नेली, तर उतारावर एक्सलेटर सोडूनही ती मंदावत नाही, कारण इंजिनाचा आवळा आधीच काढून टाकलेला असतो. ब्रेक लावणारा भाऊ असतो, धडक त्याच्या हातून होते, आणि कारण मात्र दुसऱ्याने, दुसऱ्या हेतूने, आदल्या दिवशी पेचकसाने बसवलेले असते. कुंभाराच्या चाकाचा दृष्टान्त इथे मालकाच्या सोयीचा आहे: ‘मी काल केले ते काल संपले.’ आयडलिंगचा नाही. ती फट अजून उघडी असते, आणि तिच्यातून आजचे पेट्रोल जात असते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. इंजेक्शनच्या गाडीत रेस एक छोटा संगणक सांभाळतो. इंजिन थंड असेल तर तो ती वाढवतो, तापले की उतरवतो, फेऱ्या ठरलेल्या आकड्याखाली गेल्या की हवेचा मार्ग थोडा उघडतो. घाटमाथ्यावरची विरळ हवा, जी जुन्या गाडीत दैवाच्या रकान्यात होती, ती आता बऱ्याच अंशी करणाच्या रकान्यात आली आहे. पण ठरलेला आकडा कुणी तरी ठरवलेलाच असतो: कारखान्यातल्या अभियंत्याने, किंवा संगणकाची नोंद बदलून देणाऱ्या ट्यूनरने. बऱ्याच गाड्यांत थ्रॉटलचा मूळ स्क्रू अजूनही असतो. कंपनी तो बसवून त्यावर रंगाचा ठिपका देते आणि स्टंटवाले तो ठिपका फोडून स्क्रू फिरवतात. त्यानंतर गाडी जे काही हात न लावता करते, त्याच्या कारणांत ते फोडणाऱ्याचे नाव धरावे लागते, मग गाडी तेव्हा कुणाच्याही हाती असो.